नाताळची दोन पंचांगे

गेल्या वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या काकूंचा आठ वर्षांचा नातू आमच्याकडे नाताळचा गोठा बांधायला आला. दिवाळीत इमारतीच्या मागे मुलांनी केलेल्या किल्ल्याची माती तो घमेल्यात भरून घेऊन आला होता, आणि किल्ल्यावर हळीव पेरतात तसे इथेही पेरायचे, हा त्याचाच आग्रह होता. आम्ही पुठ्ठ्याचे छप्पर केले, त्यावर वाळलेले गवत चिकटवले, मरिया आणि योसेफ यांच्या मातीच्या मूर्ती समोरासमोर ठेवल्या, मेंढपाळ, दोन मेंढ्या, एक बैल आणि कान तुटलेले एक गाढव मांडले आणि मधोमध काडेपेटीएवढी लाकडी गव्हाण ठेवली. सगळे न्याहाळून झाल्यावर त्याने विचारले, “मावशी, बाळ हरवलं का?” बाळ कपाटात कापडात गुंडाळून ठेवले आहे आणि चोवीस तारखेच्या मध्यरात्री ते गव्हाणीत येईल, असे मी त्याला सांगितले. त्याला ते पटले नाही. “पण मॉलमध्ये तर ख्रिसमस कधीच सुरू झालाय,” तो म्हणाला.

त्याचे म्हणणे बरोबर होते आणि माझेही. नाताळ आज दोन निरनिराळ्या पंचांगांप्रमाणे पाळला जातो, आणि ही पंचांगे नेमकी एकमेकांच्या उलट चालतात. चर्चच्या पंचांगात नाताळच्या आधीचे चार रविवार ‘आगमनकाळ’ म्हणून पाळले जातात. ३० नोव्हेंबरला सर्वांत जवळचा जो रविवार असेल त्या दिवशी हा काळ सुरू होतो. कॅथलिक चर्चमध्ये या दिवसांत वेदीवर आणि धर्मगुरूंच्या अंगावर जांभळे वस्त्र असते, कारण तो रंग पश्चात्तापाचा आणि प्रतीक्षेचा मानला जातो. फक्त तिसऱ्या रविवारी, वाट पाहण्याचे दिवस निम्म्याहून अधिक सरले म्हणून, गुलाबी रंग वापरण्याची मुभा असते. एरवी रविवारच्या मिस्सेत, म्हणजे कॅथलिक उपासनेत, जे गौरवगीत गायले जाते, ते या चारही रविवारी गात नाहीत. बायबलमधील कथेप्रमाणे ते गीत ख्रिस्तजन्माच्या रात्री देवदूतांनी गायले होते, म्हणून ते चोवीस तारखेच्या रात्रीपर्यंत राखून ठेवतात. त्या रात्री जांभळे जाऊन शुभ्र वस्त्र येते, घंटा वाजतात, गौरवगीत पुन्हा सुरू होते आणि तिथून पुढे, ६ जानेवारीच्या सुमारास येणाऱ्या, पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना झालेल्या बाळाच्या दर्शनाची आठवण करणाऱ्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत, आनंदाचे दिवस चालतात.

बाजाराचे पंचांग याहून वेगळे आहे. पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत दिवाळीचे आकाशकंदील उतरले की त्याच दोऱ्यांवर कागदी चांदण्या चढतात. नोव्हेंबर सरता सरता मॉलच्या चौकात झाड उभे राहते, सिग्नलवर लाल टोप्या विकायला येतात, कॅम्पात महात्मा गांधी रस्त्यावर रोषणाई होते, आणि पंचवीस तारखेला कळस गाठून सव्वीस तारखेला सगळ्या फलकांवर एकतीस डिसेंबर झळकू लागतो. चर्चमध्ये सण जेमतेम सुरू होतो, तेव्हा बाजारात तो संपलेला असतो.

हा केवळ तारखांचा घोळ असता तर त्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. श्रद्धेच्या दृष्टीने वाट पाहणे हा सणाचाच भाग आहे. आळंदीहून पालखीबरोबर निघालेल्या वारकऱ्याला कोणी म्हटले की एस.टी.ने पाच तासांत पंढरपूर गाठता येते, तर तो हसेल, कारण त्याच्या लेखी दर्शन हे चालण्यातच सुरू झालेले असते. आगमनकाळाचे तसेच आहे. रिकाम्या गव्हाणीकडे चार आठवडे पाहिल्याखेरीज तिच्यात ठेवलेल्या बाळाचे मोल कळत नाही.

मुळात बायबलमध्ये या जन्माविषयी काय लिहिले आहे, हे पाहिले की पुढचा गुंता सोडवणे सोपे जाते. येशूच्या चरित्राची चार शुभवर्तमाने आहेत आणि त्यांपैकी मार्क व योहान यांच्या ग्रंथांत बेथलेहेमच्या जन्माची कथाच नाही. ती फक्त मत्तय आणि लूक यांच्याकडे आहे आणि दोघांचे सांगणे वेगवेगळे आहे. लूककडे मेंढपाळ आणि देवदूत आहेत, आणि मराठी बायबलमधले ते जिवाला लागणारे वाक्यही तिथलेच, की उतारशाळेत जागा नव्हती म्हणून मरियेने बाळाला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले. मत्तयकडे तारा आहे, हेरोद राजाची भीती आहे आणि पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे तारे जाणणारे ज्ञानी लोक आहेत. ते किती होते हे मत्तय सांगत नाही. सोने, ऊद आणि गंधरस अशा तीन भेटी होत्या म्हणून परंपरेने ते तिघे मानले आणि पुढे त्यांना राजेही केले. ते गोठ्यात आले असेही तिथे नाही. मत्तय स्पष्टपणे ‘घर’ म्हणतो. आमच्या गोठ्यातले कान तुटके गाढव आणि त्याच्या शेजारचा बैल तर दोन्ही ग्रंथांत नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या एका जुन्या वचनातून आले, ज्यात बैल आणि गाढव आपल्या धन्याला ओळखतात पण माणसे ओळखत नाहीत, असा खेद आहे.

म्हणजे आपण ज्याला ‘मूळ धार्मिक देखावा’ समजतो, त्यातही लोकांच्या कल्पनेने पिढ्यान् पिढ्या भर घातलेली आहे. मला यात काही खोटेपणा वाटत नाही. रामकथेत शबरीची उष्टी बोरे वाल्मीकींच्या मूळ ग्रंथात शोधू जाणाऱ्याला ती सापडत नाहीत, पण म्हणून ती बोरे लोकांच्या भक्तीतून कोणी काढून टाकत नाही.

तारखेचेही असेच आहे. जन्म कोणत्या दिवशी झाला हे बायबल सांगत नाही. रोममध्ये इसवी सन ३५४ मध्ये सिद्ध झालेल्या एका पंचांगात २५ डिसेंबर हा ख्रिस्तजन्माचा दिवस म्हणून नोंदलेला आहे आणि ती नोंद ३३६ सालच्या सुमाराची असावी असे अभ्यासक मानतात. त्याच पंचांगात त्याच तारखेला ‘अजिंक्य’ सूर्याच्या जन्मदिनाचीही नोंद आहे. त्यावरून काही जण असे म्हणतात की चर्चने सूर्याच्या सणावर आपला सण बसवला. दुसरे मत असे की प्राचीन ख्रिस्ती परंपरेत येशूचा मृत्यू आणि मरियेच्या उदरातील त्याचे आगमन ही दोन्ही २५ मार्चला मानली जात, आणि त्यात नऊ महिने मिळवले की २५ डिसेंबर येतो. दोन्ही बाजूंनी अजून वाद चालू आहे. रशिया, इथिओपिया आणि इजिप्त येथील जुन्या चर्चपरंपरा ज्युलियन नावाचे जुने पंचांग किंवा त्याच्याशी जुळणारे पंचांग पाळतात, त्यामुळे त्यांचा नाताळ आपल्या कॅलेंडरवर ७ जानेवारीला पडतो. आपल्या मराठीतला ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला, त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थच जन्म असा आहे. जयंती म्हणावे तसा हा शब्द आहे, आणि तो वापरताना आपण सणाचे कारण उच्चारत असतो, हे मला फार आवडते.

आता लोकप्रिय संस्कृतीकडे येऊ. या शब्दप्रयोगाखाली दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात आणि बरेचसे वाद त्यातूनच होतात. एक आहे लोकसंस्कृती, म्हणजे श्रद्धा जेव्हा साध्या माणसांच्या हाती जाते तेव्हा ते तिला आपली माती, आपली चाल, आपले खाणे देतात, ती. दुसरी आहे बाजाराने घडवलेली संस्कृती, जी एकाच साच्यात तयार होऊन जगभर सारखीच पोहोचते. गोठ्याचा इतिहास पहिल्या प्रकारचा आहे. इटलीतल्या ग्रेच्चो या गावी १२२३ साली असिसीच्या फ्रान्सिस यांनी खरेखुरे गवत आणि खरेखुरे बैल-गाढव आणून ख्रिस्तजन्माची रात्र गावकऱ्यांपुढे उभी केली. लॅटिन न समजणाऱ्या शेतकऱ्यांना त्या बाळाची गरिबी डोळ्यांनी दिसावी, एवढाच त्यांचा हेतू होता. पुढे हा देखावा युरोपभर घरोघरी गेला आणि जिथे गेला तिथला झाला. आमच्याकडच्या गोठ्यावर हळीव उगवते, कारण तो बांधणारे हात दिवाळीचा किल्लाही बांधतात.

मराठीत हे काम फार लवकर सुरू झाले. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि १६१६ साली त्यांचे क्रिस्तपुराण गोव्यातच राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात बेथलेहेमची रात्र ओवीच्या चालीत आली आहे, म्हणजे तुकोबांच्या बालपणी येशूचा जन्म मराठी ओवीत सांगून झालेला होता. त्यानंतर जवळजवळ तीन शतकांनी कवी नारायण वामन टिळक आले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर, मिशनऱ्यांनी विलायती चालींवर बसवलेली भाषांतरित गीते आपल्या माणसांच्या तोंडी बसत नाहीत हे त्यांनी ओळखले आणि अभंग, भजने, पदे लिहिली. कीर्तनाचा बाजही त्यांनी आपलासा केला. माझे माहेर नगरकडचे कॅथलिक आणि सासर प्रोटेस्टंट. सासरी पहिल्या नाताळला गोठा नव्हता, कारण मूर्ती ठेवणे त्यांच्या परंपरेत बसत नव्हते. पण रात्री अकरा वाजता घरोघर नाताळची गाणी म्हणत फिरणारी कॅरल पार्टी दारात आली, तेव्हा सासूबाईंनी आतून झांजा आणल्या आणि टिळकांचे पद असे काही उचलले की गिटार वाजवणारी मुले थांबून त्यांच्या मागे गाऊ लागली. चहा आणि करंज्या होईपर्यंत बारा वाजून गेले.

सासरची ती मूर्तीविषयीची अढी आठवली म्हणून इथेच सांगते, की नाताळच्या उत्सवीपणावर सर्वांत कडक टीका ख्रिस्ती लोकांनीच केलेली आहे. इंग्लंडमध्ये प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथाच्या प्रभावाखालील पार्लमेंटने १६४७ साली हा सण रद्द केला. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. सणाला बायबलचा आधार नाही आणि त्या निमित्ताने दारू आणि दंगा चालतो, हे त्यांचे आक्षेप होते. ज्या स्कॉटलंडमधून मुंबई-पुण्यात शाळा काढणारे मिशनरी आले, तिथे नाताळ १९५८ पर्यंत सार्वजनिक सुट्टीचा दिवसही नव्हता. तेव्हा पूर्वी नाताळ शुद्ध धार्मिक होता आणि बाजाराने तो अलीकडे बिघडवला, ही समजूत टिकत नाही. देवळाबाहेरची मौज आणि आतली भक्ती यांची ओढाताण या सणाइतकीच जुनी आहे.

बाजाराची संस्कृती कशी तयार होते, हे समजून घ्यायचे तर सांताक्लॉजइतके चांगले उदाहरण नाही. त्याच्या मुळाशी एक खरा धर्मगुरू आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा या गावी चौथ्या शतकात निकोलस नावाचे बिशप होते. त्यांच्याविषयीची सर्वांत प्रसिद्ध कथा आपल्याकडच्या कोणालाही पटकन समजेल अशी आहे. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्ने हुंड्यावाचून अडली होती. निकोलस रात्रीच्या अंधारात त्याच्या घराच्या खिडकीतून सोन्याची थैली टाकून निघून गेले, एकदा नव्हे तर तिघींसाठी तीनदा. देणाऱ्याचे नाव कळू नये, घेणाऱ्याला लाज वाटू नये, हा त्या कथेचा गाभा आहे. ६ डिसेंबर हा त्यांचा सण. नेदरलँड्समध्ये ते ‘सिंटरक्लास’ झाले. न्यूयॉर्क हे मूळचे डचांनी वसवलेले शहर असल्याने ते नाव तिथे रुजले आणि इंग्रजीत ‘सांताक्लॉज’ झाले. १८२३ साली अमेरिकेतल्या एका वृत्तपत्रात छापलेल्या कवितेने त्यांना आठ रेनडिअरांची घसरगाडी दिली आणि त्यांचे येणे नाताळच्या आदल्या रात्रीवर आणले. १८६३ पासून थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने एका साप्ताहिकात त्यांची चित्रे काढून त्यांना गोल पोट आणि पांढरी दाढी दिली. १९३१ पासून कोका-कोलाच्या जाहिरातींसाठी हॅडन सुंडब्लोम यांनी काढलेल्या चित्रांनी तो हसरा, लाल कपड्यांतला आजोबा जगभर पक्का केला. लाल अंगरखा त्या कंपनीने शोधून काढला असे जे सांगितले जाते, ते मात्र चुकीचे आहे. तो रंग आधीच्या चित्रांतही आहे.

या प्रवासात काय गळाले, हे पाहण्यासारखे आहे. बिशपांची काठी गेली, क्रूस गेला, चेहरा लपवून दिलेले दान गेले आणि ज्या तीन मुलींसाठी ते सारे केले होते त्या तर पार विसरल्या गेल्या. उरले ते देणे. तेही गरजेपोटी नाही, तर यादीप्रमाणे. तरीही मी सांताक्लॉजवर रागावू शकत नाही, कारण पोराने उशाशी सापडलेली भेट उघडताना केलेला चेहरा मी पाहिला आहे आणि त्या चेहऱ्यात निकोलसांचे काहीतरी शिल्लक आहे, असे मला मनापासून वाटते.

झाडाविषयी फार सांगण्याची गरज नाही. जर्मन प्रदेशातली ती जुनी घरगुती पद्धत होती, आणि राणी व्हिक्टोरिया व प्रिन्स अल्बर्ट यांच्या कुटुंबाचे सजवलेल्या झाडाभोवतीचे चित्र १८४८ साली लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आल्यावर ती इंग्रजी जगभर पसरली. गाण्यांचा फरक अधिक बोलका आहे. ‘जिंगल बेल्स’ हे १८५७ साली प्रसिद्ध झालेले जेम्स पिअरपाँट यांचे गाणे बर्फावरून घोड्याची गाडी पळवण्याच्या मजेचे आहे. त्यात येशूचे नाव नाही, इतकेच नव्हे तर नाताळचाही उल्लेख नाही. उलट ‘सायलेंट नाइट’ हे गीत ऑस्ट्रियातल्या ओबेर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री पहिल्यांदा गायले गेले, दोन आवाज आणि एका गिटारीच्या साथीने, आणि ते चर्च निकोलसांच्याच नावाचे होते. आमची कॅरल पार्टी ही दोन्ही गाणी एकामागून एक म्हणते. लहान मुले पहिल्यावर उड्या मारतात आणि दुसऱ्याला आपोआप गप्प होतात.

श्रद्धा आणि उत्सव यांच्या या गुंत्याविषयी पुणेकराला मुद्दाम शिकवावे लागत नाही. सार्वजनिक गणेशोत्सवाला इथे १८९० च्या दशकात आकार आला आणि तेव्हापासून भक्ती कुठे संपते आणि देखावा, ढोल-ताशा, वर्गणी, जाहिरातीची कमान कुठे सुरू होते, यावर दरवर्षी घराघरांत वाद होतात. सकाळी शाडूच्या मूर्तीपुढे अथर्वशीर्ष म्हणणारा माणूसच रात्री मंडळाचे देखावे पाहायला निघतो आणि त्याला त्यात विसंगती वाटत नाही, कारण दोन्ही त्याचेच असते. नाताळच्या बाबतीत नेमका इथे फरक पडतो. गणेशोत्सवाचा घरचा भाग आणि रस्त्यावरचा भाग एकाच मातीत वाढले. नाताळचा रस्त्यावरचा भाग मात्र पुष्कळसा परदेशी चित्रपटांतून आणि जाहिरातींतून तयार होऊन आला. त्यात बर्फ आहे, पाइनचे झाड आहे, धुराडे आहे. परिणाम असा झाला की बाजाराच्या नाताळाखाली येशूचा जन्म जितका झाकला गेला, तितकाच मराठी ख्रिस्ती माणसाचा नाताळही झाकला गेला. मला या गोष्टीचे अधिक वाईट वाटते. “तुमच्याकडे केकच असतो ना?” असे मला दरवर्षी विचारले जाते. केक असतोच. पण त्याआधी आठवडाभर करंज्या, शंकरपाळे, शेव, चकल्या आणि अनारसे होतात. मूळ गोव्याचे असलेले शेजारी कुलकुल आणि दोदोल हे त्यांचे गोड पदार्थ पाठवतात. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’ असा आहे. त्या अर्थाने नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही वस्तीवर तव्यावरची भाकरी उलटणारी बाई, लाल टोपी घातलेल्या प्लास्टिकच्या बाहुल्यापेक्षा, बेथलेहेमच्या किती तरी जवळ आहे.

आणि हा सण पुण्याला परकाही नाही. नाना पेठेत क्वार्टर गेटजवळ जे ‘सिटी चर्च’ आहे, त्याची सुरुवात १७९२ सालची, आणि त्यासाठी जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिली होती, कारण पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे कॅथलिक शिपाई होते. म्हणजे शनिवारवाड्यात पेशवाई नांदत होती तेव्हाही पुण्याच्या पेठेत नाताळची प्रार्थना होत होती. कॅम्पातले सेंट मेरीज चर्च १८२५ चे. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनची गोष्ट तर पुण्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १८९० साली तिथे एका व्याख्यानानंतर पाहुण्यांना चहा-बिस्किटे दिली गेली, पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि गोपाळ कृष्ण गोखले होते, उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापली गेली आणि मिशनमधल्या एका चहाच्या पेल्यावरून ग्रामण्य, म्हणजे धर्म बाटल्याचा आणि वाळीत टाकण्याचा वाद, उभे राहून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. त्याच शहरात आज पंचवीस डिसेंबरच्या सकाळी माझ्या हातचे करंज्यांचे ताट शेजारी हक्काने ठेवून घेतात, आणि दिवाळीला त्यांच्याकडून आलेले ताट मी रिकामे परत केलेले नसते. या बदलाचे थोडे श्रेय बाजारालाही दिले पाहिजे. मॉलमधल्या झाडाने आणि बेकरीतल्या केकने ख्रिस्ती सणाभोवतीची भीती कमी केली, ज्या घरात कोणी चर्चची पायरी चढले नव्हते त्या घरातही कागदी चांदणी लागली. सवलतीच्या फलकांविषयी तक्रार करताना मी हे विसरू नये, असे मी स्वतःला बजावते.

अलीकडे दोन बाजूंनी आक्षेप येतात. काही ख्रिस्ती मंडळी म्हणतात की सांता, झाड, रोषणाई सगळे टाकून द्या, केवळ उपासना ठेवा. दुसरीकडे काही पालकांना शाळेत आपल्या मुलाला लाल टोपी घालणे म्हणजे धर्मावर आक्रमण वाटते. दोघांनाही माझे उत्तर एकाच भेदावर उभे आहे. सांताची टोपी हा ख्रिस्ती विश्वासाचा भाग नाही. ती घातल्याने कोणी ख्रिस्ती होत नाही आणि न घातल्याने कोणाचा विश्वास कमी होत नाही. त्यामुळे ती कोणावर सक्तीने चढवू नये आणि कोणी हौसेने घातली तर ओढूनही काढू नये. विश्वासाचा भाग वेगळा आहे. देव राजवाड्यात न येता जनावरांच्या चाऱ्याच्या जागी माणूस म्हणून जन्मला, असे ख्रिस्ती माणूस मानतो. हे मानणे अवघड आहे, त्यात गरिबाच्या बाजूने उभे राहण्याची जबाबदारी येते आणि कुठलाही बाजार ते विकू शकत नाही, म्हणून ते सहसा शोकेसमध्ये दिसतही नाही. पण ज्याला देव माणसात आला असे वाटते, त्याने माणसांच्या गाण्याला, मातीला, खाण्याला विटाळ मानण्याचे काही कारण उरत नाही. स्टीफन्स आणि नारायण वामन टिळक यांना हे नेमके कळले होते. गोठ्यावर हळीव पेरणाऱ्या त्या मुलालाही, मला वाटते, ते कळले होते.

चोवीस तारखेला रात्री तो झोपणार नाही असे म्हणाला होता, पण दहालाच झोपला. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून आम्ही घरी आलो, कपाटातले कापड सोडवले आणि बाळ गव्हाणीत ठेवले. सकाळी तो दात घासण्याआधीच आला, पाहिले, आणि बोटाने बाळाच्या पायाला हळूच हात लावला. हळीव तोवर चांगले चार बोटे वाढून गाढवाच्या पोटाला लागले होते. मग त्याने विचारले की मागी कुठे आहेत. ते अजून पोहोचले नाहीत, मी म्हटले, ते लांबून येतात. माझ्या माहेरी ते तिघे घराच्या दुसऱ्या टोकाला ठेवून रोज थोडे पुढे सरकवत, तसेच मीही करते. त्याने ती जबाबदारी स्वतःकडे घेतली. सव्वीस तारखेला समोरच्या दुकानातला माणूस शिडीवर चढून चांदण्या उतरवत होता, तेव्हा आमचे तीन मागी टीव्हीच्या कपाटावरून निघून पुस्तकांच्या फळीच्या कडेला आले होते, आणि त्यांना गोठ्यापर्यंत पोहोचायला अजून अकरा दिवस होते.